घिवलीहून बघणारा

तीन नंबरच्या रिअॅक्टरवर प्रणव चुरीचा जीव गेला, आणि त्यानंतर कारखान्याला एका परक्या माणसाची गरज पडली. कुठून तरी लांबून आलेला, काहीतरी बिघडवून पसार झालेला, ज्याचा ठावठिकाणा कधी लागणार नाही असा माणूस. तो शोधायचं काम झुंबर आव्हाडवर आलं.

झुंबर खरं तर हिशेबाचा माणूस. पाथर्डीहून बी.कॉम. होऊन तो चुलत्याच्या ओळखीने बोईसरला आला, सालवडला खोली घेतली आणि रंगाची रसायनं करणाऱ्या या कारखान्यात अकाउंट्सला चिकटला. पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आले. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, "तुला टॅली येतं ना? मग हेही तूच बघ." एवढ्या एका वाक्यावर झुंबरच्या गळ्यात ते काम पडलं आणि कायमचं राहिलं. औद्योगिक वसाहतीतल्या निम्म्या कारखान्यांत असंच चालतं. वेगळा माणूस ठेवायला कोणी तयार नसतं.

झुंबरने ते काम हिशेबासारखंच केलं. प्रत्येक वायरीला चिठ्ठी, प्रत्येक डब्याला नंबर. लोक चेष्टा करायचे. "झुंबरशेठ, माझा माउस आजारी आहे, औषध द्या." तो हसायचा नाही, उठून जायचा आणि माउस पुसून द्यायचा. नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती. मुलगा अक्षय पुण्याला लागला होता, मुलगी स्वरा शिकत होती. आता शांतपणे निवृत्त व्हायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आणि एका दुपारी तीन नंबर तापला. आतलं रसायन उसळलं, झाकणाजवळचा जोड फुटला. प्रणव वरच्या प्लॅटफॉर्मवर होता. त्याला खाली आणलं तेव्हा त्याला ओळखायला बुटांशिवाय काही उरलं नव्हतं.

पहिला प्रश्न सगळ्यांनी तोच विचारला, तापमान वाढल्यावर हूटर का वाजला नाही? उत्तर कारखान्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दर शुक्रवारी वसाहतीची वीज बंद असायची आणि ती परत आली की हूटर उगाचच बोंबलायचा. मग लोक धावायचे, काम थांबायचं, साहेब चिडायचे. शेवटी कोणीतरी त्याची वायर काढून ठेवली. कोणी काढली, कोणी काढायला सांगितली, हे कोणी विचारलं नाही. वायर तशीच लोंबत राहिली.

चौथ्या-पाचव्या दिवशी प्लँट मॅनेजर चंद्रभान सिंह झुंबरच्या टेबलाशी आले. एरवी ते फोन करून बोलवायचे.

"आव्हाड, हेड ऑफिसने पत्र पाठवलंय. आपल्या सर्व्हरवर बाहेरून काहीतरी येतंय म्हणे. संशयास्पद. किती दिवसांपासून चालू होतं, बघ जरा."

"बघतो साहेब."

"बाहर का आदमी घुसा होगा," साहेब सावकाश म्हणाले. "आत घुसला आणि हूटर बंद करून टाकला. हो सकता है ना? हल्ली पेपरात रोज येतं."

हूटरची लोंबती वायर दोघांनीही पाहिलेली होती. साहेबांनी जाताना झुंबरच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तो सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतलं एक काळं खोकं. प्रत्येक रिअॅक्टरचं तापमान आणि दाब त्यात जमा व्हायचा आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसायचा. कोण कधी कुठून आलं याची नोंद तो स्वतःच ठेवायचा. झुंबरने त्या नोंदी काढल्या आणि पहिल्याच पानाला खुर्ची पुढे ओढली. जगभरातून कोण कोण येऊन दार ढकलत होतं. कुठल्या कुठल्या देशांचे पत्ते, सेकंदासेकंदाला. रस्त्यावरचं भटकं कुत्रं जसं प्रत्येक फाटकाला नाक लावून बघतं, तसे. पण ते सगळे दारातूनच परतले होते. ते माणसांचे नव्हतेच, यंत्रांचे धक्के होते. ते त्याने बाजूला काढले.

उरला एकच. त्याच्याकडे बरोबर नाव होतं, बरोबर पासवर्ड होता, आणि तो कितीतरी महिन्यांपासून आत येत होता.

हा पत्ता तरी रशिया-चीनचा निघेल, असं झुंबरला वाटलं होतं. निघाला तारापूरच्या बाजूला केबलवरून इंटरनेट देणाऱ्या एका लहानशा कंपनीचा. म्हणजे चोर इथलाच. आणि चोर म्हणावं, तर त्याने चोरलं काय? झुंबर एकेक नोंद बघत गेला. आलेल्याने काही बदललं नव्हतं, काही नेलं नव्हतं. तो ठरावीक वेळाने एकच गोष्ट विचारत होता, तीन नंबरचं तापमान किती? उत्तर मिळालं की थोडा वेळ थांबायचा आणि पुन्हा विचारायचा, तीन नंबरचं तापमान किती?

बाकी रिअॅक्टरांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

झुंबरने हिशेबातली जुनी सवय वापरली. आकडा कळेना झाला की तो दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून बघायचा. त्याने येण्याच्या वेळा मांडल्या. एक आठवडा सकाळी, पुढचा आठवडा दुपारनंतर, त्याच्या पुढचा रात्रभर. शुक्रवारी काही नाही. गणपतीत चार-पाच दिवस शुकशुकाट. ही चाल ओळखीची होती. पाळ्यांची होती. टाइम ऑफिसमधून त्याने तीन नंबरच्या ऑपरेटरांच्या पाळ्या मागवून घेतल्या आणि शेजारी ठेवल्या.

प्रणव पाळीवर असेल तेव्हाच तो बाहेरचा जागा असायचा. प्रणव रजेवर असेल तर तोही रजेवर.

मग झुंबरने त्याचं आत येण्याचं नाव पाहिलं. ते त्याला सुरुवातीपासून दिसत होतं, पण डोळ्यांना सवय झालेल्या गोष्टीसारखं दिसूनही न दिसलेलं. नाव होतं 'नरहरी'.

नरहरी चुरी हा प्रणवचा बाप. घिवलीचा. तीन नंबरवरच त्याची हयात गेली. तो निवृत्त झाला तेव्हा कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या जागी मुलाला घेतलं. गावच्या माणसांना दिलेला तो शब्द होता. बापाची जागा म्हणजे सगळीच जागा, त्याचं लॉकर, हेल्मेटची खुंटी, आणि कॉम्प्युटरवरचं नावसुद्धा. नवं नाव घालायचं तर हेड ऑफिसची परवानगी लागे, कोण लिहिणार? बापाने लॉकरजवळ उभं राहून मुलाच्या कानात पासवर्ड सांगितला आणि शाल-नारळ घेऊन घरी गेला. त्याआधी, लॉकडाउनमध्ये अर्धी माणसं येईनात, तेव्हा जुन्या मॅनेजरांनीच झुंबरला सांगून नरहरीला घरून पडदा दिसेल अशी सोय करवून घेतली होती. फक्त बघायची, हात लावायची नाही. लॉकडाउन संपला, मॅनेजर बदलले, ती सोय बंद करायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. म्हणून एकच 'नरहरी' कंट्रोल रूममध्ये पाळीवर असायचा, आणि त्याच वेळी घिवलीलाही.

झुंबरने मग त्या दुपारच्या नोंदी उघडल्या. इतका वेळ त्याने त्या टाळल्या होत्या.

सुरुवातीला नेहमीसारखंच, थोड्या थोड्या वेळाने. मग तापमान चढायला लागल्यावर विचारणं जवळ जवळ येत गेलं. शेवटी शेवटी तर कोणी एकच बटण बोटाने दाबतच सुटलं असावं, तसं. मग स्फोट. रिअॅक्टरवरचा काटा तुटला, सर्व्हरकडे सांगायला काही उरलं नाही. पण विचारणं थांबलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत कोरं उत्तर जात होतं आणि पुन्हा प्रश्न येत होता, तीन नंबरचं तापमान किती?

झुंबर खुर्ची मागे सारून उठला आणि बाहेर नळावर जाऊन त्याने तोंड धुतलं.

तिथे शांताराम भेटला, प्रणवच्याच पाळीतला. हाताला अजून पट्टी होती. झुंबरने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, नरहरीभाऊंचा कंट्रोल रूमला फोन यायचा का कधी?"

"यायचा ना. दोनदा आलेला." शांताराम खाली बघत म्हणाला. "एकदा म्हणाले, कूलिंगचं पाणी वाढव. आणि खरंच पाण्याची लाइन चोक झालेली. दुसऱ्या वेळी काहीच नव्हतं, मशीनचा काटाच खोटा दाखवत होता. आमी प्रणवला लय पिडला मग. 'बाबांना घिवलीत बसून वास येतो काय रे?' 'पप्पांना विचारून लघवीला जा.' मस्करी हो. आमाला काय ठाऊक..."

"मग?"

"मग फोन बंद झाले. प्रणवनं सांगितलं असंल घरी."

त्या संध्याकाळी झुंबर जेवताना गप्प होता. त्याच्या बायकोने, उषाने, वाढता वाढता विचारलं, "सापडला वाटतं चोर?"

"तुला कसं कळलं?"

"सापडला नसता तर कटकट केली असती तुम्ही."

त्याने तिला सगळं सांगितलं. उषाने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "लिहा ना, सापडला नाही म्हणून. कुणाचं काय जातंय? पोरगा गेलाय त्यांचा."

झुंबरलाही हेच वाटत होतं. पण त्याने सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला होता. तो 'अज्ञात' लिहील, साहेब 'अज्ञाताने हूटर बंद केला' असं पुढे जोडतील, आणि कागद सायबर पोलिसांकडे जाईल. पोलिसांना केबलवाल्याकडून घर शोधायला किती वेळ लागतो? मग घिवलीला जीप जाईल, आणि ज्याने हूटर बंद करून पोटच्या पोराला मारलं तो नरहरी चुरी, असं होईल. नाव झाकल्याने नरहरी वाचत नव्हता, उलट पुरता बुडत होता. वाचायचा तर एकच मार्ग होता. सगळं लिहायचं. तो फक्त बघत होता, हूटरची वायर हाताने काढलेली होती, आणि ती कधीपासून तशी होती.

शुक्रवारी सुट्टी होती. झुंबर स्कूटर घेऊन घिवलीला गेला.

अणुकेंद्राच्या बाजूने रस्ता पुढे गेला की गाव लागतं. नरहरीचं घर वाडीला लागून. केळी, पानवेली, मागे नारळ. नरहरी ओट्यावर बसला होता. हातात काही काम नव्हतं. झुंबरने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या हातात नेहमी काहीतरी असायचंच, पाना तरी, कोयता तरी.

"ये झुंबर. बस." नरहरीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "कंपनीनं पाठवला काय?"

"नाही. मीच आलो." झुंबर इकडेतिकडे बघत म्हणाला, "वहिनी कुठंयत?"

"वाडीत. पाणी लावते." नरहरी थांबला. "त्या दिवशीपण वाडीतच होती."

झुंबरला बोलायला सुरुवात सापडेना. ती नरहरीनेच करून दिली.

"तुला दिसलं ना ते?"

"दिसलं."

"मला वाटलंच, दिसंल. तू चिठ्ठ्या लावणारा माणूस." नरहरीने पाय जवळ घेतले. "हूटर नाय, माहीत हाय ना तुला. मी होतो तेव्हापास्नं नाय. मी होतो तेव्हा मला काय नाय वाटलं. मी उभा होतो ना तिथं. पोरगा उभा राहिला तसं मला घरात बसवेना. मग बघायचो. झोपेतनं उठून बघायचो. दमयंती म्हणायची, मोबाइलचं याड लागलं म्हाताऱ्याला."

"त्या दिवशी फोन नाही केलात, नरहरीभाऊ?"

वाडीतून पाटाचं पाणी वळवल्याचा आवाज येत होता. नरहरीने तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दुसऱ्या टायमाला फोन केला ना, त्या दिवशी घरी आला तो लय चिडून. म्हणाला, बाबा, पोरं हसतात मला, मी काय बारका हाय? परत फोन केलात तर आईची शपथ हाय तुमाला. आईची शपथ घातली त्यानं, झुंबर. तिची. आणि तिला त्या वर्षी हार्टचा त्रास झालेला, बोईसरला अॅडमिट केलेली." तो ओट्याच्या कडेला बोटाने घासत राहिला. "मी आकडा बघत होतो. म्हटलं, चढतोय, पण तो हाय तिथं, तो बघंल. काटा खोटा असंल, मागच्या वेळंसारका. मग आणिक चढला. फोन हातात घेतला. नंबर लावला. आणि तोडला. दोनदा तोडला मी."

झुंबरने तांब्या उचलून पाणी घेतलं.

"फोन केला असता तर तो खाली आला असता," नरहरी म्हणाला. "फोन घ्याला कंट्रोल रूमला, खालीच यावं लागतं."

मग झुंबरने त्याला कारखान्याचा बेत सांगितला. साहेबांना काय लिहून हवंय, आणि त्याचा शेवट कुठे होईल. नरहरीने शांतपणे ऐकलं. पोलिसांचं नाव आलं तरी तो हलला नाही. पण झुंबर म्हणाला, "खरं लिहिलं तर ते तुम्हाला विचारतील, बघत होतात तर फोन का केला नाही," तेव्हा मात्र त्याने झुंबरचा हात घट्ट धरला.

"पोलिसांचं काय नाय. तिला कळंल." तो कुजबुजला. "तिला वाटतं, मी झोपलेलो. तिला कळलं की मी बघत बसलेलो, तर ती या घरात राहील काय? आणि कशासाठी बघत बसलो हे सांगू तिला? तुज्या शपथेपायी?"

"मी न लिहून ते थांबत नाही, नरहरीभाऊ. जीप घेऊन पोलीसच येतील, आणि तेव्हा वहिनी दारात असतील."

नरहरीने हात सोडला. पलीकडे दमयंती केळींच्या मधून येताना दिसली, पदर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. झुंबरला बघून तिने पदर सोडला.

"झुंबरभावजी, च्या घेतल्याबिगर जायचं नाय," ती लांबूनच म्हणाली.

"लिव तू," नरहरी तिच्याकडे बघतच झुंबरला म्हणाला. "पण तिला मी सांगतो. आज नको. तू च्या घे आणि जा."

झुंबरने चहा घेतला. दमयंतीने त्याच्याकडे उषाची, स्वराची चौकशी केली. प्रणवचा विषय तिने काढला नाही. जाताना तिने केळ्यांची एक फणी स्कूटरला अडकवली.

सोमवारी झुंबरने अहवाल दिला. आपली बाजू पक्की असावी म्हणून त्याने तो चंद्रभान साहेबांना देतानाच हेड ऑफिसला आणि कारखाने तपासणीच्या साहेबांनाही पाठवला होता. चंद्रभान साहेबांनी तो उभ्याउभ्या वाचला.

"वायरचं लिहायची तुला काय गरज होती? तुला नेटवर्क बघायला सांगितलं होतं."

"नेटवर्कमधून वायर निघत नाही, साहेब. एवढंच लिहिलंय."

"रिटायर होण्याआधी हे सुचलं तुला? घर आहे ना तुझं? मुलगी शिकते ना?"

"आहे साहेब. शिकते."

साहेबांनी कागद टेबलावर टाकला आणि त्याला जायला सांगितलं. त्या आठवड्यात झुंबरकडून कॉम्प्युटरचं काम काढून घेतलं. त्याला गेटजवळच्या खोलीत वजनकाट्याच्या पावत्या तपासायला बसवलं. कोणी भांडलं नाही, कोणी विचारलंही नाही. जाणारे-येणारे खिडकीतून मान हलवायचे, तेवढंच.

जबाब घ्यायला नरहरीला बोलावलं त्या दिवशी झुंबरलाही बोलावलं होतं. पोलीस चौकीच्या बाकावर तो आधी जाऊन बसला. थोड्या वेळाने टमटम थांबली आणि नरहरी उतरला. त्याच्या मागून दमयंती उतरली. तिला सांगितलं की नाही, हे दोघांच्या चेहऱ्यांवरून झुंबरला कळेना. नरहरीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनेही पाहिलं नाही.

फौजदारीणबाई तरुण होत्या. वैभवी नाव पाटीवर होतं. त्यांनी दमयंतीला बाहेर बसायला सांगितलं. ती म्हणाली, "मी हितंच बसते," आणि खाली टेकली. बाईंनी पुन्हा सांगितलं नाही.

प्रश्न सौम्यपणे विचारले जात होते. नाव, वय, कामाची वर्षं. मोबाइलवर काय दिसायचं, काही बदलता यायचं का. नाय, नुसतं दिसायचं. त्या दुपारी बघत होतात का? होय. तापमान चढताना दिसलं? होय.

"मग कंट्रोल रूमला फोन का केला नाही?"

नरहरीचे ओठ हलले. त्याने टेबलाची कड धरली. बाईंनी वाट पाहिली, पेन कागदावर धरून. पंखा फिरत होता. झुंबरने मान खाली घातली, कारण नरहरीकडे बघवत नव्हतं.

"माजी शपथ होती," दमयंती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती जमिनीवर बसूनच बोलत होती, सरळ समोर बघत.

"पोरानं घातलेली. परत फोन करू नका, आयची शपथ. मला काय होऊ नये म्हणून यांनी फोन नाय केला. लिवा तुमी."

वैभवीबाईंचं पेन थांबलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, असं त्यांना झालं असावं. मग त्यांनी सावकाश तिचंच वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. दमयंतीने मान हलवली. नरहरीने सही केली. झुंबरने त्याच्यासाठी कागद धरून ठेवला.

बाहेर उन्हात टमटम उभी होती. नरहरी बायकोच्या मागे मागे पायऱ्या उतरला आणि म्हणाला, "दमयंती."

ती थांबली, पण वळली नाही.

"मी मेली असती तर चाललं असतं," ती म्हणाली. "मला इचारायचं तरी."

मग ती पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. नरहरी मागच्या बाकावर एकटा बसला, लहान मुलासारखे हात मांडीत घेऊन. ड्रायव्हरने अजून सवारी मिळते का म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, हाक मारली, "घिवली, घिवली!" कोणी आलं नाही. टमटम निघाली. झुंबर स्कूटरची किल्ली हातात घेऊन तिथेच उभा राहिला. त्यांच्या मागून जावं की न जावं, हे त्याला ठरवता येईना.